मरळींची इफ्तारी

कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत कुणाकडे काय शिजतंय हे वासावरून कळतं आणि आमच्या घरी काय चाललंय हे अब्बांच्या आवाजावरून. कागलच्या एमआयडीसीत एका फौंड्रीच्या पॅटर्नशॉपमध्ये त्यांची उभी हयात गेली. करवतीचं मशीन, रंधे, पलीकडे भट्टीचा गोंगाट. त्यात हळू बोलणाऱ्या माणसाचा निभाव कसा लागणार? निवृत्त झाले तेव्हा मशीन तिथंच राहिलं, आवाज तेवढा ते घरी घेऊन आले. आणि त्या आवाजात ते येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच बातमी सांगायचे, "आमची पोरगी मरळीचा जीन काढतीया. युनिव्हर्सिटीत."

"काढतीया" मला पटायचं नाही. काटा काढावा तसा जीन काढत नाहीत. पण अब्बांना दुरुस्त करायला गेलं की ते तेच वाक्य दुप्पट आवाजात सांगतात, म्हणून मी नाद सोडला. शिवाय खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटायचं. दूधवाला, इस्त्रीवाला, समोरच्या काकू, सगळे मला बघितलं की विचारायचे, "निघाला का जीन?" पोरीच्या लग्नाचं विचारण्यापेक्षा हे परवडलं.

माझं काम असं होतं. पेशीत जी अनेक विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात त्यांतलं एक निरोप पोचवणारं आहे. त्याला कायनेज म्हणतात. घरात पिठाचा डबा तळाला गेला की आमची अम्मी जे करते तेच ते पेशीत करतं. अम्मी आधी डबा वाजवते आणि मग हुकूम सोडते: पुऱ्या बंद, कालच्या भाकरी आधी संपवा, कुणी जादा मागायचं नाही. पेशीतलं इंधन कमी पडलं की हे विकर जागं होतं आणि दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटची खूण लावत सुटतं. साठवण थांबवा, चरबी बाहेर काढा, खर्चाला हात आखडता घ्या. हे विकर कसं घडवायचं ते ज्या जनुकात लिहिलेलं असतं, ते जनुक मी मरळ माशात वाचत होते.

मरळ का, तर ती आपली. पंचगंगेत, तळ्यात, डबऱ्यात कुठंही सापडते. डोकं सापासारखं चपटं, अंगावर काळपट पट्टे आणि स्वभाव आमच्या गल्लीसारखा. पाणी आटो, गढूळ होवो, जागा सोडत नाही. वर येऊन हवेचा घोट घेते आणि जगते. आठवडेच्या आठवडे उपाशी राहूनही तगते. अशा चिवट माशात भुकेची वर्दी देणारं जनुक कसं असेल, हा माझा प्रश्न होता. दुसऱ्या माशांत ते वाचून झालं होतं, आपल्या मरळीत वाचलेलं मला कुठं सापडलं नव्हतं. मग मी वाचलं. कामाचे तुकडे कुठं सुरू होतात, कुठं संपतात, मधले गाळायचे लांबलचक पट्टे कुठं येतात, असं सगळं जोडत जोडत एका दुपारी ते जनुक पूर्ण झालं आणि मी ते संगणकावर माणसाच्या जनुकाशेजारी ठेवलं. विकराचा जो भाग प्रत्यक्ष खूण लावतो, त्या भागात मरळ आणि माणूस जवळजवळ सारखे निघाले. मी खुर्चीतून उठले आणि व्हरांड्यात उगाच येरझाऱ्या घातल्या. छाती भरून आली होती. बावड्याच्या पोरीनं पंचगंगेच्या माशाचं पान वाचलं होतं आणि ते आधी कुणी वाचलं असेल असं मला वाटत नव्हतं.

अब्बांनी हे आपल्या धंद्यात बसवून घेतलं. फौंड्रीत लाकडाचा पॅटर्न कपाटात जपून ठेवतात, त्यावरून रेतीत साचे पाडतात आणि साच्यात लोखंड ओततात.

"म्हंजे जीन हा पॅटर्न," अब्बा म्हणाले. "आन साचं पडतील तसा माल निघणार."

"हां. आणि साचे किती पडले ते मोजलं की कळतं, पेशीला त्या वेळी तो माल किती हवा होता."

"मग मोजलंस का साचं?"

"ते राहिलंय."

"मग निम्मंच काम झालंय की गं!"

निम्मंच झालं होतं. जनुकाची रचना हातात आली होती, अभिव्यक्ती राहिली होती. पोटभर खाल्लेल्या मरळीत हे जनुक किती बोलतं आणि उपाशी मरळीत किती, हे यकृतात, मेंदूत, कल्ल्यांत मोजायचं होतं. अब्बांचे रेतीतले साचे म्हणजे माझ्या भाषेत आरएनए. तो इतका नाजूक की हाताच्या घामानंसुद्धा त्याचे तुकडे होतात. पहिले कित्येक महिने माझ्या तपासायच्या जेलवर दोन स्वच्छ पट्ट्यांच्या जागी नुसता ओघळ यायचा. मग हात बसला. इतका बसला की विभागात कुणाचा आरएनए फुटला की माझ्याकडे पाठवायचे. मला त्याचा गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही.

नेमकं तेव्हा आमच्या विभागाच्या मत्स्यगृहाचं छत गळायला लागलं आणि दुरुस्तीसाठी सगळ्या टाक्या रिकाम्या करायची वेळ आली. माझ्या मार्गदर्शक मॅडम पायाला भिंगरी लावून फिरल्या, ज्या समितीची परवानगी लागते तिच्याकडून रीतसर मंजुरी आणली आणि मरळी आमच्या घरी मागच्या पडवीत आल्या. अब्बांनी स्वतः स्कूटरवरून कोडोलीच्या एका शेततळ्यातली पिल्लं आणली. बादली पायाशी, बादलीवर ओलं फडकं, आणि वाटेत जो कोण थांबवेल त्याला अख्खी हकिकत. दोन मोठे टब मांडले. मरळ उडी मारण्यात पटाईत, म्हणून वर जाळी बांधली. एका टबावर मी खडूनं लिहिलं "जेवणाऱ्या" आणि दुसऱ्यावर "उपाशी".

योग असा की दोन-चार दिवसांत रमजान लागला. मी घरात सगळ्यांना बजावलं, "ह्या टबात काही म्हणजे काही घालायचं नाही. पाणीसुद्धा मीच बदलेन."

"किती दिवस?" अब्बांनी विचारलं.

"मी सांगेपर्यंत."

अब्बांनी टबात वाकून बघितलं आणि तोंड वाईट केलं. अम्मी हसली. "रोजेदार म्हणायच्या की ह्या," ती म्हणाली, आणि त्या टबाचं तेच नाव पडलं.

त्या महिन्यात माझा दिवस पहाटेच्या सहेरीपासून सुरू व्हायचा. सकाळी ठरल्या दिवशी चार मासे बादलीत घालून विद्यापीठात न्यायचे, भूल देऊन त्यांचे अवयव काढायचे आणि आरएनए काढून मोजायच्या मशीनवर आपला नंबर येईपर्यंत बसायचं. इफ्तार बहुतेक लॅबच्या बाहेरच्या कट्ट्यावर व्हायची. मैत्रिणी माझ्यासाठी केळी आणि भडंग आणून ठेवायच्या आणि अजान व्हायच्या आत निम्मं भडंग स्वतःच संपवायच्या. घरी पोचेपर्यंत पडवीतला दिवा बंद झालेला असायचा.

आकडे आले ते विचित्र. उपाशी मरळींत जनुक चढायला हवं होतं. चढलं नाही. जेवणाऱ्यांपेक्षा थोडं वर, बस्स. मग एकदा सकाळी मशीन दुसऱ्याकडे होतं म्हणून मी मासे दुपार कलल्यावर नेले, तर जनुक एकदम उंच! मी खूश झाले. पुढच्या खेपेला सकाळी नेले, पुन्हा खाली. परत दुपारी, परत वर. मॅडमनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "इतके दिवस उपाशी असलेल्या माशाला सकाळ काय आणि दुपार काय? तुझ्या हातात काहीतरी चुकतंय."

माझ्या हातात! मॅडमना उलट बोलायची सोय नव्हती, म्हणून मी घरी येऊन भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी स्पष्टच सांगितलं. मुदत जवळ आली होती. पुढच्या खेपेलाही आकडे सरळ आले नाहीत तर उपवासाचं प्रकरण गाळायचं आणि नुसत्या रचनेवर प्रबंध द्यायचा. पदवी मिळाली असती. कुणी नावं ठेवली नसती. पण कपाटात पॅटर्न आहे आणि साचा एकही पाडला नाही, अशा फौंड्रीला काय म्हणायचं? मला निम्मं काम नको होतं. आणि अब्बांनी गल्लीला अख्ख्या कामाचा शब्द देऊन ठेवला होता.

त्याच आठवड्यात विभागाचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि आम्हा सगळ्यांना लवकर घरी जायला सांगितलं. गळिताचा हंगाम होता. बावड्याच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर रांगेत उभे, मळीचा आंबूस वास सगळीकडे. त्यांच्यामधून गाडी काढत मी घरी पोचले तेव्हा सूर्यास्ताला, मगरिबच्या अजानला थोडाच अवकाश होता. अम्मी भजी तळत होती. अब्बा दिसेनात, म्हणून मी मागं गेले.

अब्बा पडवीत टबाशेजारी पाटावर बसले होते, अगदी पंगतीला बसल्यासारखे. एका हातात खजूर, मांडीशी पाण्याचा पेला आणि एक वाटी. उपाशी टबातल्या साऱ्या मरळी त्यांच्या बाजूच्या काठाला येऊन दाटल्या होत्या. अजान सुरू झाली. अब्बांनी दुआ पुटपुटली, खजूर तोंडात टाकला, पाण्याचा घोट घेतला आणि मग वाटीतला खिमा चिमटीनं जाळीतून आत सोडायला लागले. "घ्या," ते मरळींना म्हणाले. "बिस्मिल्ला म्हणा आन घ्या."

"अब्बा!"

ते जरासुद्धा दचकले नाहीत. "आलीस? बस, आधी खजूर घे."

"काय घालताय त्यांना?"

"खिमा हाय. पयल्या दिवशी खजूर दिलता, तोंड लावलं न्हाय."

पहिल्या दिवशी! म्हणजे पहिल्या रोज्यापासून हे चाललं होतं. आमच्या घरात दखनी बोलतात, पण भांडण मराठीत होतं, म्हणजे गल्लीला भाषांतर करत बसावं लागत नाही.

"काही घालायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"दिवसा न्हाय घातलं गं! अल्लाच्यान सांगतो, दिवसाचा येक कण न्हाय. पर रोजा सोडाय नको व्हय? जो सोडायचाच न्हाय तो रोजा कसला, ती सजा झाली की. रोजेदाराला इफ्तार घातली तर केवढा सवाब, केवढं पुण्य हाय. आन आमी हितं ताटं मांडून बसायचं, पावण्यांनी नुसतं टकामका बघायचं? कोल्हापुरात हे कुणाला जमतंय सांग बघू."

मला तेव्हा हसू आलं नाही. आज येतं. तेव्हा मी पाण्याच्या एका घोटावर रोजा सोडला आणि पेला खाली ठेवायच्या आत बोलून मोकळी झाले, "तुमच्या सवाबापायी माझं सगळं काम पाण्यात गेलं, अब्बा." अम्मी झारा घेऊनच बाहेर आली. "माझा खिमा रोज कमी भरत होता," ती म्हणाली, "मला वाटलं मांजर." कुणीच हसलं नाही. अब्बांनी वाटी उचलली, मोरीत धुतली, पालथी घातली आणि आत निघून गेले.

त्या दिवसापासून आमच्या घरातून आवाज गेला. अब्बा बोलायचे, पण इतकं हळू की अम्मीला "काय?" म्हणून विचारावं लागायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीवाल्यानं नेहमीसारखं त्यांना विचारलं, "काय चाचा, निघाला का जीन?" अब्बा म्हणाले, "तिला इचारा." मी दारात चपला घालत होते. आकडे बिघडल्याचं जितकं दुःख झालं होतं त्याच्या कितीतरी पट मला त्या दोन शब्दांनी झालं. माझा बाप गल्लीत मान खाली घालून चालत होता आणि ते माझ्या जनुकापायी होतं.

लॅबमध्ये जाऊन मी आधी टेबल झाडलं, कारण राग आला की मला झाडायला लागतं. मग बाद करायचे सगळे आकडे पुन्हा काढले आणि ते तारखेप्रमाणे लावायचे सोडून आदल्या संध्याकाळपासून किती वेळ झाला तसे लावले. खिमा खाऊन रात्र गेली की जनुक खाली. दिवस चढेल तसं जनुक चढत जातं. सगळे ठिपके मुकाट्यानं एका रेषेत बसले. म्हणजे माझा हात चुकला नव्हता! मी मोठ्यानं "हात्तिच्या" म्हणाले आणि शेजारची मुलगी दचकली.

आणि मग मला पडवीतला तो टब आठवला. मरळी काठाला दाटल्या होत्या त्या अजानच्या आधी. अब्बांनी वाटीला हात लावायच्या आधी. जेवण येणार हे त्यांना जेवण येण्याआधी ठाऊक होतं.

मॅडम आधी भडकल्या. घरी टाक्या ठेवायची परवानगी त्यांनी स्वतःच्या शब्दावर आणली होती, त्यांचं भडकणं रास्त होतं. मग त्यांनी रेषा बघितली आणि एकेका ठिपक्यावरून बोट फिरवलं. "हे मासे उपाशी नाहीतच," शेवटी त्या म्हणाल्या. "हे एकभुक्त आहेत. ही खेप बाद. पण परत कर, तीन टब मांड. मुदतीचं मी बघते."

ईद झाल्यावर तीन टब मांडले. पोटभर जेवणाऱ्या, खरोखर उपाशी आणि सूर्यास्ताला एकदा जेवणाऱ्या. तिसऱ्या टबाला रोज त्याच वेळी, त्याच हातानं, तोलून खाद्य द्यायचं होतं आणि तो हात माझा असू शकत नव्हता, मी लॅबमध्ये असणार होते. अब्बा म्हणाले, "मी शिवत न्हाय तुझ्या टबाला." अम्मीनं त्यांना दोन दिवस सुनावलं तेव्हा तयार झाले. पॅटर्नशॉपमधल्या शिस्तीनं त्यांनी काम केलं. माप काटेकोर, वेळ काटेकोर. पण मी एकदा मुद्दाम लवकर येऊन बघितलं, तर खाद्य टाकताना ते काहीच बोलत नव्हते. मरळींना बिस्मिल्ला म्हणायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

या खेपेला आकड्यांनी त्रास दिला नाही. पोटभर टबात जनुक शांत. उपाशी टबात ते चढलं आणि वरच राहिलं. तिसऱ्या टबात ते दिवसभर चढायचं आणि खाल्ल्यावर उतरायचं, आणि काही दिवसांनी मेंदूत एक गंमत दिसली: रेषा जेवणाच्या आधीच वळायला लागली. पेशीतली अम्मी पिठाची गाडी गल्लीच्या तोंडाशी आल्याचं ओळखून डबा वाजवायचं थांबवत होती. मी ती आकृती छापून घरी आणली आणि अब्बांच्या पुढं ठेवली. त्यांनी बघितली, घडी घालून परत दिली. "माझी चूक झाकाय केलंस हे सगळं," ते म्हणाले. मी नाही म्हटलं, पुन्हा नाही म्हटलं. पटलं नाही.

प्रबंधात मी लिहिलं की पहिली खेप अनियोजित आहारामुळं बाद केली. खोटं काही नव्हतं. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "एवढं पुरे. जास्त सांगत बसू नकोस."

तोंडी परीक्षा खुली असते, कुणालाही येऊन बसता येतं. अब्बा येणार नव्हते. आदल्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "तितं माझं काय काढू नगंस. पोरीच्या कामात माती कालवणारा बाप म्हंतील." मी म्हटलं, बघू. सकाळी अम्मीनं त्यांचा पांढरा शर्ट खुर्चीवर टाकला आणि सांगितलं, "मी एकटी जायची न्हाय." त्यामुळं दोघं आले आणि सभागृहात अगदी शेवटच्या रांगेत, दाराला चिकटून बसले.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक वयस्कर होते, बारीक आवाजाचे आणि कुठलंही वाक्य न सोडणारे. जनुकाच्या रचनेवर त्यांनी मला तपासून घेतलं, तुकड्यांच्या सीमा एकेक करून विचारल्या. मी सांगितल्या. मग त्यांनी चष्मा काढला. "इथं लिहिलंय, पहिली खेप अनियोजित आहारामुळं बाद. म्हणजे नेमकं काय झालं?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. खाद्य चुकून पडलं, एवढं म्हटलं असतं तर प्रश्न तिथं संपला असता. शेवटच्या रांगेत अब्बा आपल्या चपलांकडे बघत होते.

"सर," मी म्हटलं, "रमजान होता. मासे घरी होते. मी त्यांना उपाशी ठेवलं होतं आणि माझे वडील रोज मगरिबला त्यांचा रोजा सोडवत होते."

सभागृह हसलं. हसण्यासारखं होतंच. मी त्यांचं हसून होऊ दिलं.

"पण तिसरा टब त्यांच्यामुळं आहे," मी म्हटलं. "माझ्या डोक्यात दोनच टब होते, पोटभर आणि उपाशी. दिवसभर थांबून एकदा जेवणाऱ्याचं शरीर काय करतं, हे मला सुचलं नव्हतं, आणि मी तर तेव्हा स्वतः रोजे करत होते. मासे जेवणाच्या आधीच गोळा होतात हे मी पहिल्यांदा पाहिलं ते वडिलांच्या पाटामागं उभं राहून. प्रबंधात सगळ्यात चांगलं जे आहे ते तिथून आलंय. मला त्यांचा अभिमान आहे, सर."

"आलेत का ते?"

"मागं बसलेत."

सगळ्या माना वळल्या. अब्बा उभे राहिले, हात पुढं जोडून, मॅनेजरनं बोलावल्यासारखे. "चूक झाली साहेब," ते म्हणाले, आणि पहिल्या रांगेपर्यंत ते पोचलं नाही.

"मोठ्यानं बोला," परीक्षक म्हणाले. "का घातलंत?"

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तेव्हा त्यांनी घसा खाकरला आणि इतके महिने कुठं ठेवला होता कोण जाणे, तो आवाज बाहेर आला. "साहेब, पोरीनं सांगितलं तसं दिवसभर काय न्हाय दिलं. पर संध्याकाळी आमी ताटावर बसायचं आन त्येनी बघत ऱ्हायाचं, हे काय मला जमलं न्हाय बघा."

"ते अजानच्या किती आधी गोळा व्हायचे?"

"ही भजी तळाय घ्यायची न्हवं, तवाच."

परीक्षकांनी माझ्याकडे वळून विचारलं, मग मासे तळणाच्या वासाला, आवाजाला येत असतील? दुसऱ्या खेपेला ईद होऊन गेली होती, तळण नव्हतं, तरी गोळा होत होते, असं मी सांगितलं. "त्याआधीची दुपारची अजान मात्र रोज होतीच, सर. ती काही मला बंद करता आली नाही." आता सगळ्यात मोठ्यानं परीक्षकच हसले आणि म्हणाले, तेवढं पुढच्या माणसाला शिल्लक ठेवू. अब्बा अजून उभेच होते. अम्मीनं शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं.

पदवी जाहीर झाली, पेढे झाले, मॅडमनी मला जवळ घेतलं. परीक्षक जाताना मुद्दाम वाकडी वाट करून अब्बांपाशी गेले आणि त्यांचा हात हातात घेऊन काहीतरी बोलले. काय बोलले ते अब्बांनी आजवर आम्हाला सांगितलेलं नाही, विचारलं की नुसते मिशीत हसतात.

संध्याकाळी आम्ही गल्लीत शिरलो. इस्त्रीवाला हातातलं काम ठेवून बाहेर आला, समोरच्या काकू पायरीवर आल्या. विचारू की नको असं करत त्यानं विचारलं, "काय चाचा, निघाला का जीन?"

अब्बांनी स्कूटर स्टँडला लावली, शर्ट सरळ केला आणि साखर कारखान्याच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "निघाला की! जीन पोरीचा, इफ्तारी माझी."